उपाशी दुपटं

मथुराअक्कांची ओळख पदरापासून सुरू होते. त्यांच्या नव्हे, समोरच्या बाईच्या. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही त्या समोरच्या बाईचा पदर दोन बोटांत धरतात, अंगठ्याने चोळून बघतात आणि अत्यंत गंभीरपणे विचारतात, "ही कधी जुनी होणार?" बाई नवखी असेल तर तिला हा टोमणा वाटतो. ओळखीची असेल तर तिला कळतं, की ही साडी आता आपली राहिली नाही. आज ना उद्या अक्का पिशवी घेऊन दारात उभ्या राहणार. साडी सुती हवी, आणि पाण्यात इतकी पडलेली हवी, की तिचा मूळ रंग कोणता यावरून घरात वाद व्हावा.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शेजाऱ्याचं नाव कुरिअरच्या पाकिटावरून कळतं. अक्कांना मात्र प्रत्येक घरातलं कपाट ठाऊक आहे. कुणाची सासू वारली की लोक सांत्वनाला जातात. अक्काही जातात, मनापासून रडतात, आणि निघताना सुनेला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "त्यांच्या घरात नेसायच्या साड्या काय करणार गं?" सून एरवी रागावली असती. पण अक्का पुढे सांगतात, "लहान लेकरं पांघरतील त्यांना," आणि मग सूनच कपाट उघडून देते.

या साड्यांची अक्का दुपटी शिवतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी, सरकारी दवाखान्यात फुकट वाटायला. त्या त्यांना कौदी म्हणतात. अक्कांचं घराणं चारशे वर्षांपासून बेंगळुरात आहे आणि त्यांच्या मराठीत कानडी असं जाऊन बसलंय, की जोड दिसतो पण टोचत नाही. त्यांचे यजमान नागोजीराव बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर आयुष्य घालवून निवृत्त झाले. आपले पूर्वज इथे घोड्यावरून आले आणि आम्ही पुण्याची मंडळी रात्रीच्या बसने आलो, हा फरक ते आम्हाला विसरू देत नाहीत.

"मग घोडा कुठे गेला, नागोजीराव?"

"पार्किंग मिळालं नाही," ते म्हणतात.

नागोजीरावांची एकच तक्रार असते. वाळत घातलेला पंचा पुन्हा अंगाला लागेल याची त्यांना खात्री नसते. जुनी लुंगी, मऊ झालेला सदरा, धोतराचं पान, अक्कांच्या नजरेत आलं की त्याला पाय फुटतात. एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "लोकांकडे माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटतात. आमच्याकडे माणूस आंघोळीला गेला तरी वाटतात."

आतून अक्कांचा आवाज आला, "मग आंघोळीला एवढा वेळ लावू नये."

अक्कांचं काम बघत बसावं असं आहे. साडीच्या घड्या एकावर एक रचायच्या, वर चांगल्या कापडाचा तुकडा, खाली त्याहून मऊ. मग कडेपासून बारीक धावदोरा घालत फिरत फिरत मधोमध यायचं. दोऱ्याची गाठ कधी वर येऊ द्यायची नाही, ती दोन थरांच्या मध्ये लपवायची. "पाठीला गाठ लागली तर लेकरू सांगणार कोणाला?" त्या म्हणतात. सगळं शिवून झालं की दुपटं गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचं. बाल्कनीच्या कठड्यावर काही वाळत घालू नये असा सोसायटीचा नियम आहे. अक्कांनी तो नीट ऐकून घेतला, "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीत पाण्याच्या टाक्यांवर दुपटी पसरली. नियम कठड्यापुरता होता.

एवढं होऊनही दुपटं पुरं झालेलं नसतं. एक कोपरा उघडा असतो. देवासमोर बसून अक्का त्यात चिमूटभर तांदूळ घालतात आणि मगच तो शिवतात. याला त्यांच्याकडे दुपट्याचं पोट भरणं म्हणतात. दुपटं उपाशी दिलं तर ते पांघरणारं बाळही उपाशी राहतं, असं त्यांच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. किती मागपर्यंत हा निरोप जातो कोण जाणे, कदाचित त्या घोड्यापर्यंत.

त्यांच्या घरात आणखी एक रिवाज आहे. पोटात असलेल्या बाळासाठी कुणी टाका घालायचा नाही. अंगडं नाही, टोपडं नाही, दुपटं तर नाहीच. बाळ आलं, रडलं, की मग घरातल्या बायका कापड काढणार. आपल्यापैकी पुष्कळ घरांत असं काहीतरी असतं आणि त्याने काही बिघडत नाही. नऊ महिने भरून येणाऱ्या बाळाचं एका दिवसाने काय अडतं?

याचं दुसरं अंग मला नागोजीरावांनी सांगितलं. एका संध्याकाळी ते गच्चीवर दुपट्यांना राखण बसले होते. कबुतरांशी त्यांचं जुनं वैर आहे. मी सहज विचारलं, अक्कांना हे वेड कधीपासून?

"आमचा पहिला सातव्यात आला," ते म्हणाले. "घरात कापडाचा तुकडा तयार नव्हता. रिवाजच तसा. दोन दिवस होता. दूध ओढायची ताकद नव्हती. माझ्या वडिलांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यात गुंडाळून नेला." त्यांनी कठड्यावरचं एक कबूतर हाकललं. "हिने त्यानंतर सुई हातात धरली नाही. पुढे धाकट्याच्या, ऋतुराजच्या वेळचं सगळं माझ्या आईने शिवलं. मग पुष्कळ वर्षांनी भाच्याच्या बायकोला बघायला आम्ही त्या दवाखान्यात गेलो. तिथे वेळेआधी आलेली लेकरं होती. हाताएवढी. कुणाच्याही घरी काही तयार नव्हतं. घरी आली आणि माझा पंचा घेतला."

दुसऱ्याच्या बाळासाठी शिवायला रिवाजाची आडकाठी नाही, हे अक्कांना त्या दिवशी उमगलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा एकही गुरुवार चुकलेला नाही. पूर्वी त्या बसने जायच्या. आम्ही राहायला आल्यापासून माझ्या गाडीने जातात, कारण माझी गाडी आणि मी दोघेही बहुतेक वेळ उभेच असतो असं त्यांचं मत आहे.

वॉर्डात शिवलीला नावाची सिस्टर आहे. निपाणीकडची, मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या तोंडात सारखीच धावतात. अक्कांची पिशवी दिसली की ती म्हणायची, "आला की ओ आमचा कापडबाजार!" मग दोघी मिळून दुपटी मोजायला बसायच्या आणि आकडा दरवेळी वेगळा यायचा, कारण मोजण्यापेक्षा बोलणं जास्त. बाळ घरी जाताना दुपटं सोबत न्यायचं. भरलेली पिशवी कधी परत आली नाही.

गेल्या डिसेंबरात ती परत आली.

शिवलीलाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "अक्का, जरा येऊन जावा. डॉक्टर बोलावल्यात." अक्कांना वाटलं सत्कार असेल. नागोजीरावांना तर खात्रीच होती. ते म्हणाले, "शाल देतील. ती तरी मला ठेवू दे." अक्का चांगली साडी नेसून, नवी दुपटी भरलेली पिशवी घेऊन गाडीत बसल्या.

डॉक्टर मनस्विनी या वॉर्डाच्या प्रमुख. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावर एक स्टीलचा ट्रे पुढे केला. ट्रेमध्ये अक्कांचं एक दुपटं होतं, निळ्या काठाचं. एक कोपरा कात्रीने उघडलेला. आत पिवळट पडलेला भाताचा गोळा होता, आणि त्याला आंबूस वास येत होता.

अक्कांनी वाकून पाहिलं. "शिजले की हो," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. वॉर्डात वाफेचं नवीन मोठं यंत्र आलं होतं. बाळांना लागणारं सगळं कापड आता त्यातून काढायचं असा नियम झाला होता. अक्कांची दुपटीही त्यात गेली. इतकी वर्षं कोपऱ्यात निमूट पडून राहिलेल्या तांदळाचा वाफेत भात झाला. दोन दिवसांत तो आंबला आणि मुंग्या आल्या.

"मुंग्या काय, मुंग्या कुठे नसतात?" अक्का म्हणाल्या. थोडा राग, थोडी शरम. "आमच्या घरी साखरेत असतात, यजमानांच्या चष्म्याच्या डबीत असतात…"

शिवलीलाने त्यांचा हात धरला आणि काचेपाशी नेलं. आत एक बाळ निजलं होतं. त्याची टाच एखाद्या मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढी. त्या टाचेवर मोहरीसारखे लाल ठिपके उठले होते. बाळ आता बरं होतं, दूध पीत होतं, शिवलीलाने दोनदा सांगितलं. अक्कांनी काही ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

आम्ही टेबलापाशी परत आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मला तुमची दुपटी हवी आहेत. लोक नव्या कोऱ्या, खरखरीत चादरी आणून देतात आणि फोटो काढतात. इतकं मऊ कापड मला कुणी देत नाही. पण आत काही नको. धान्य नको, हळद नको, अंगारा नको. रिकामं द्या, मी आज घेते."

"रिकामं म्हणजे उपाशी," अक्का म्हणाल्या.

"आई, ते कापड आहे."

"तुम्हाला कापड. मी तसं देत नाही."

"मग मला घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आणि अक्कांच्या जागी असतो तर अक्कांनी केलं तेच केलं असतं. त्यांनी पिशवी उचलली.

गाडीत त्या म्हणाल्या, "अण्णा, त्या लेकराला माझ्यामुळे चावल्या."

"तुम्हाला काय माहीत असणार, अक्का?"

"माहीत नसलं म्हणजे चावत नाहीत काय?"

त्यानंतर अक्कांनी शिवणं सोडलं. पिशवी कपाटाच्या वर गेली. सुयांचा डबा देवघराच्या फळीवर गेला. आमच्या सोसायटीतल्या बायका निर्धास्त झाल्या आणि मग हळूहळू अस्वस्थ झाल्या. माझी बायको श्वेता एकदा मुद्दाम जुनी मऊ साडी नेसून अक्कांच्या समोरून दोनदा गेली. अक्कांनी पदराला हात लावला नाही.

नागोजीराव गडी हरणारा नव्हे. यंत्रात बिघाड झाला की तो निघतोच, यावर त्यांचा कारखान्यातल्या दिवसांपासूनचा विश्वास. रोज चहाबरोबर ते एक तोड काढू लागले.

"प्लास्टिकचे मणी घाल. शिजत नाहीत."

"लेकराच्या पोटात प्लास्टिक?"

"बरं, कोपऱ्यावर दोऱ्याने तांदळाचं चित्र काढ. आत काही नाही, बाहेर तांदूळ. डॉक्टरीणही खूश."

"दुपारी तुम्हाला जेवायला चित्र वाढू काय?"

नागोजीरावांनी चहा संपवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, माझे पंचे सगळे जागेवर आहेत. दोरीवर घालतो ते दोरीवर सापडतात. काहीतरी करा." त्यांनी एक जुना पंचा स्वतः धुऊन, घडी करून अक्कांच्या खुर्चीवर ठेवला. दोन दिवसांनी अक्कांनी तो त्यांच्या कपाटात परत ठेवला.

सून रक्षिता हुशार मुलगी. इंदिरानगरला तिचं ऑफिस आहे, रोजचा निम्मा दिवस रस्त्यात जातो. एका रविवारी ती सासूजवळ बसली आणि सरळ म्हणाली, "अम्मा, तांदूळ घातले नाहीत तर खरंच काय होणार?"

अक्कांनी देवघराच्या फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नाही गं. पण एक लेकरू उपाशी गेलेलं मी बघितलंय. पुन्हा माझ्या हातून तसं व्हायला नको."

तिने सासूचा हात नुसता हातात धरून ठेवला. घरात सगळ्यांनाच कळून चुकलं, की इथे अडलेली गोष्ट तांदळाची नाही. वॉर्डात थंडीत कापड कमी पडत होतं, शिवलीला अधूनमधून फोन करून सांगायची. आणि मऊ दुपट्यांनी भरलेली पिशवी कपाटावर धूळ खात होती. अक्का दोन्हीकडून कापल्या जात होत्या. दिलं तर उपाशी, न दिलं तर उघडी.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी नाश्त्याच्या वेळी शिवलीलाचा फोन आला. अक्कांनी तो ऐकला, "हं" म्हणाल्या, "आहे," म्हणाल्या, आणि स्टुलावर चढून स्वतः पिशवी काढली. नागोजीराव स्टूल धरायला धावले.

"काय झालं?"

"एक बाळ गेलंय पहाटे. बापाकडे सिमेंटच्या कामावरचा टॉवेल आहे, दुसरं काही नाही. दवाखान्याचं कापड तिथंच ठेवावं लागतं. शिवलीला म्हणते, तुमचं एखादं असलं तर आणा. आता वाफेत घालायचं नाही."

पूर्ण रस्ता त्या पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या.

बाळाचा बाप बसवंत, यादगिरीकडचा, आमच्याच सर्जापूर रोडवर एका इमारतीच्या स्लॅबवर काम करणारा. तो भिंतीला टेकून उभा होता आणि टॉवेलची घडी उलगडत होता, पुन्हा घालत होता. त्याची बायको कावेरी आत खाटेच्या कडेवर बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. बाळ तिच्या शेजारी, हिरव्या कापडात. मी दारातच थांबलो.

अक्का तिच्याजवळ खाली बसल्या. दोघी कानडीत बोलल्या. मला जेवढं समजलं ते इथे सांगतो.

अक्कांनी पिशवीतून एक दुपटं काढलं, केशरी काठाचं. ते कावेरीच्या मांडीवर पसरलं. ती त्यावरून हात फिरवत राहिली. मग अक्कांनी सुईने कोपऱ्याचे टाके उसवले आणि आतले तांदूळ आपल्या तळहातावर काढले.

"हे काय?" कावेरीने विचारलं.

"ह्याचं पोट. आम्ही भरून देतो. पण आज हे माझ्या हातचं नको. तू घाल."

कावेरी तांदळाकडे बघत राहिली. "मी त्याला कधी भरवलंच नाही," ती म्हणाली. "सगळं नळीतून जायचं. मला हातात पण तीनदाच दिला."

"माझाही उपाशी गेला," अक्का म्हणाल्या. "आता भरव."

कावेरीने चिमूट घातली. रिवाजात तेवढीच असते. तिने आणखी एक घातली. मग अक्कांच्या तळहातावर होते तेवढे सगळे घातले आणि हात पुढे करून बसली. अक्कांनी पिशवीतलं दुसरं दुपटं काढलं, त्याचा कोपरा उसवला, ते तांदूळ तिच्या हातात दिले. मग तिसरं. कोपरा लिंबाएवढा फुगला. अक्का थांबवत नव्हत्या. शेवटी कावेरीचीच बोटं थांबली, तेव्हा त्यांनी तो कोपरा शिवायला घेतला. तो शिवला जात नव्हता, टाके ताणले जात होते. अक्कांनी दुहेरी दोरा घेतला आणि गाठ नेहमीप्रमाणे आतल्या बाजूला लपवली.

दोरा तोडायला त्या वाकल्या, तशी मागून कुणीतरी कात्री पुढे केली.

"दाताने नको, अक्का," डॉक्टर मनस्विनी म्हणाल्या.

त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणाला कळलं नव्हतं. फरशीवर तांदूळ सांडले होते. त्यांनी ते पाहिले आणि त्यांच्यावरून अंदाजाने पाय टाकत, एकही न तुडवता, बाहेर गेल्या.

कावेरीने बाळाला स्वतः दुपट्यात घेतलं. एक टोक वर, दोन टोकं बाजूंनी, आणि भरलेला कोपरा छातीशी. मग बसवंत आत आला. टॉवेल त्याने खांद्यावर टाकला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि तिने बाळ दिलं.

ते गेल्यावर अक्का बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी पिशवी मांडीवर ओढली, सुई घेतली, आणि उरलेल्या दुपट्यांचे कोपरे एकेक करून उसवायला लागल्या. तांदूळ पदरात जमा होत होते, काही खाली पडत होते. झाडणारी बाई येऊन ओरडली, "काय अक्का, दवाखाना आहे का लग्नाचा मांडव?" अक्कांनी पाय वर घेतले आणि तिला झाडू दिलं, पण हात थांबवले नाहीत.

शिवलीला शेजारी येऊन बसली. "अक्का, काय करताय हे?"

"घेऊन जा ही आत. वाफेत घाल." त्यांनी रिकामा कोपरा शिवून एक दुपटं तिच्याकडे दिलं. "ह्यांना पाजायला आया बसल्यात की. मी कशाला मध्ये?"

शिवलीलाने दुपट्याचा रिकामा कोपरा चाचपून पाहिला. मग ती म्हणाली, "आणि ती जाणारी…"

"त्यांची वेगळी आणते," अक्का म्हणाल्या. "भरून."

घरी नागोजीराव दारातच उभे होते. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला, पदरात गाठ मारलेले तांदूळ पाहिले, आणि काही न विचारता आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कपाटातले सगळे पंचे होते, घड्यांसकट. अक्कांनी त्यातले दोन उचलले, अंगठ्याने चोळले आणि बाकीचे परत दिले. "हे अजून कोरे आहेत. वापरा जरा."

"वापरतो," नागोजीराव म्हणाले. "रगडून वापरतो."

आता वॉर्डातल्या कापडाच्या कपाटात दोन कप्पे आहेत. वरचा मोठा, त्यातली दुपटी वाफेतून निघून बाळांच्या अंगावर जातात आणि बाळांबरोबर घरी. खालचा लहान. तो यंत्राच्या नियमात बसत नाही, आणि त्याची चावी डॉक्टर मनस्विनींनी शिवलीलाकडे ठेवायला दिली आहे. त्या कप्प्यातली दुपटी अक्का नेहमीपेक्षा लहान शिवतात. कोपरा मात्र उघडाच ठेवतात, आणि त्याबरोबर सुई-दोरा आणि तांदळाची पुडी. ज्या आईला भरावंसं वाटेल तिने भरावं. ज्यांना नको असेल, ज्यांचा रिवाज वेगळा असेल, त्यांनी तसंच न्यावं. हे शेवटचं अक्कांनी कसं स्वीकारलं, ते मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ज्याच्या त्याच्या आईला माहीत."

दर गुरुवारी अक्का वरचा कप्पा भरतात, शिवलीलाशी गप्पा मारतात, आकडा चुकवतात. मग निघताना शिवलीला खालचा कप्पा उघडते. तिथलं एकही कमी झालेलं नसलं, तर परतीच्या वाटेवर अक्का एक क्षण गप्प बसत नाहीत. माझ्या ड्रायव्हिंगवर, पुणेकरांच्या चहावर, नागोजीरावांच्या घोरण्यावर, सगळ्यांवर त्यांचं बोलणं असतं आणि मला ट्रॅफिक जाणवत नाही. कमी झालेलं असलं, तर मी काही विचारत नाही.

गेल्या गुरुवारी त्या गाडीत बसल्या आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग पिशवीतून अर्धवट शिवलेलं एक लहान दुपटं काढलं आणि धावदोरा घालायला लागल्या. चालत्या गाडीत सुई धरू नका, हे मी त्यांना पूर्वी पुष्कळदा सांगितलं आहे. त्या दिवशी सांगितलं नाही. नुसती गाडी हळू घेतली. पुढच्या सिग्नलला आम्ही थांबलो, तो हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नवर हात ठेवला. अक्कांची सुई कापडात अर्धी गेलेली होती. ती पलीकडून निघेपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.